मिखालला सूट आहे

१२ मार्च, बुधवार

कोर्सवाल्यांनी दैनंदिनी लिहायला सांगितली आहे. मधूनमधून त्यांना वाचून दाखवायची. ती मी लिहीनच, गोड गोड, त्यांना हवी तशी. ही वेगळी. हिच्यात मनात येईल ते लिहिणार आणि कुणाच्या बापाला दाखवणार नाही.

तर काय, आमच्या विशा क्रेस्पो वस्तीतली निम्मी पोरं माझ्या हाताखाली हिब्रू शिकून बापये झाली, आणि आता म्हातारपणी मला प्रशिक्षण. 'ज्यू शिक्षण आणि सर्वसमावेशक वर्ग.' दर बुधवारी संध्याकाळी, समाजाच्या इमारतीत. दारावरचा रखवालदार मला ओळखतो, तरी त्यानं पिशवी उघडून पाहिली. पिशवीत डबा आणि चष्मा.

शिकवणारी यानिना म्हणून एक पोरगी आहे. नाकात चमकी, पायात कॅनव्हासचे बूट, आम्हा सगळ्या मोरांना, म्हणजे हिब्रूच्या शिक्षिकांना, तिनं गोल बसवलं, बालवाडीत बसवतात तसं. बोलते ओठातल्या ओठात आणि बोलता बोलता फिरते. शेवटी मी म्हटलं, बाई गं, एका जागी उभी राहा आणि माझ्याकडे बघून बोल. तशी राहिली, मग सगळं नीट समजलं. या हल्लीच्या पोरींना सांगितलं की सुधारतात, कुणी सांगत नाही एवढंच.

पहिला धडा: प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर येईपर्यंत मधे बोलायचं नाही. यासाठी कोर्स! माझी बोबे, म्हणजे आजी, कोंबड्यांना दाणे टाकून अशीच थांबायची, तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

मला इथे का धाडलंय ते ठाऊक आहे. माझ्या सातवीत या वर्षी मिखाल आली आहे.

२० मार्च, गुरुवार

मिखाल गोड मुलगी आहे. डाऊन सिंड्रोम. गुबगुबीत हात, केसांना रोज वेगळ्या रंगाचं बटण शिवलेला रबर, कारण बापाचं बटणं-चेन-नाडीचं दुकान आहे कोपऱ्यावर. आई नाही, ती तान्ही असतानाच गेली. बाप दामियान एकटा सांभाळतो. सकाळच्या स्पॅनिश आणि गणिताला तिच्यासोबत मदतनीस बाई असतात, दुपारच्या हिब्रूला नसतात. हिब्रूसाठी मदत मंजूर नाही म्हणे. म्हणजे दुपारी ती माझी.

अडचण एकच. पोर बोलत नाही. पहिल्या बाकावर बसते, माझ्याकडे टक लावून बघते, ओठ हलवते, पण आवाज म्हणून नाही. मी विचारते, वाट बघते (यानिनाबाई, बघा), मग दुसऱ्या कुणाला तरी विचारते. तिच्या शेजारची ताली लगेच हात वर करते, "मोरा, मिखालनं सांगितलं ना, 'खुर्ची'." मी म्हटलं, ताली, मैत्रिणीला सांभाळून घेतेस हे चांगलं आहे, पण उत्तर तुझं आहे. तालीनं मिखालकडे पाहिलं आणि खांदे उडवले. चांगल्या घरची मुलगी आहे, खोटं बोलते ते मायेपोटी.

९ एप्रिल, बुधवार

पेसाखचा सण चार दिवसांवर आणि घरात अजून निम्मी कपाटं पुसायची आहेत. साउल म्हणतो, तू कपाट पूस, मी किटली विकत आणतो. कारण माते या आमच्या कडू चहाचं पाणी ठेवलं आणि किटली पुन्हा जळली. त्या नव्या किटल्या नीट शिटीच मारत नाहीत. साउल म्हणाला, मारते. मी म्हटलं, मग तू का नाही उठलास? तो म्हणाला, मी बाल्कनीत होतो, तिथवर ऐकू आली. म्हातारपणी नवऱ्याला वाद घालायला काहीही चालतं.

यंदाचा वर्ग अगदीच थंड आहे. सकाळी शाळा भरताना शमाची प्रार्थना होते तेव्हा मी पाहते. शमा डोळ्यांवर उजवा हात ठेवून म्हणायची असते, तशी मीही डोळे झाकते, तर सगळा वर्ग नुसता पुटपुटल्यासारखा वाटतो. डोळे उघडून बघावं तर तोंडं भलीमोठी उघडलेली. मग म्हणतात ते नीट कळतं. डोळे मिटले की पोरं आळस करतात. बाईंचं लक्ष नाही हे त्यांना बरोबर कळतं.

७ मे, बुधवार

आज कोर्सला मजा आली, लिहायलाच हवं. प्रत्येकीनं आपल्या शाळेत रोज वापरतो असा एक हिब्रू शब्द आणायचा होता. मी 'पतूर' नेला. पतूर म्हणजे ज्याला सूट आहे तो. आजाऱ्याला उपासातून सूट, लहान मुलाला सूट, ज्याला जमत नाही त्याला सूट. म्हटलं, पोरींनो, तुम्ही समावेश समावेश म्हणून ढोल बडवता, आमच्या लोकांनी दया हजारो वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवली आहे. मग फळ्यावर धातू फोडून दाखवला. त्याच धातूतून 'नोकरीवरून कमी करणं', त्याच धातूतून 'वारलेला'. आपणही म्हणतो ना, सुटला बिचारा. एकाच मुळाला तीन फांद्या. सगळ्या लिहून घेत होत्या.

यानिना माझ्यासमोर येऊन उभी राहिली (शिकली!) आणि म्हणाली, "मोरा, ज्याला सूट मिळते त्याला मग कुणी बोलावतही नाही. आणि सूट असलेल्याला करावंसं वाटलं तर करू द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे ना?"

आहे. मला माहीत आहे. पण तिच्या तोंडून ऐकताना राग आला. मी म्हटलं, नोव्हेंबरात माझ्या बारा वर्षांच्या मुलींचा बात मित्सवा आहे, मोठं झाल्याचा सोहळा. समाजापुढे एकेक ओळ म्हणायची. मिखाल तिथे उभी राहून ओठ हलवेल आणि लोक खाली माना घालतील, ही दया आहे का? सगळ्या वह्यांत डोकं घालून बसल्या. माझा मुद्दा पटला असावा.

११ जून, बुधवार

या वेळचं काम म्हणजे आपलाच एक तास मोबाइलवर चित्रित करायचा आणि कोर्सला सगळ्यांनी मिळून बघायचा. मी सोमवारी फोन फळ्याजवळच्या खिडकीत टेकवून ठेवला. तास छान झाला. प्राण्यांची नावं. तास संपल्यावर मुलं पळाली, मिखाल मात्र टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिनं डोळ्यांवर हात ठेवला. मला वाटलं रडते की काय. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जा बाळा, उशीर होतोय, तुला सूट आहे. तशी ती गेली.

आज ते मोठ्या पडद्यावर लावलं. यंत्राचा आवाज अगदी बारीक ठेवला होता, मला माझाच आवाज तेवढा नीट कळला. पण बाकीच्या बघत होत्या. आधी हसत होत्या, मग हळूहळू गप्प. मिखाल टेबलापाशी येते तिथे तर सुईदेखील पडली असती तर ऐकू आली असती अशी शांतता. दिवे लागले तेव्हा फ्लोरेसच्या शाळेतली बाई डोळे पुसत होती. यानिनाचेही डोळे भरलेले. माझ्या शिकवण्यात एवढं रडण्यासारखं काय आहे मला कळेना, पण मनातून बरं वाटलं, खोटं का बोला.

नंतर जिन्यात यानिनानं मला गाठलं. खाली लिफ्टचा खडखडाट, वर पोरांचा गायनवर्ग. दंडाला धरून काहीतरी कळवळून सांगत होती. "ऐकणं तपासून घ्या" असं म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच, ऐकणं, ऐकणं. मी म्हटलं, अगं, या कोर्सच्या भाषेनं डोकं उठलंय. मुलाला ऐका, मुलाचं मन ऐका, आता स्वतःचं ऐकणंही तपासा. तपासेन हो, मन लावून तपासेन. तिनं हात सोडला. का कोण जाणे, बसमध्ये बसेपर्यंत मला तिचा चेहरा आठवत राहिला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शब्बातच्या मेणबत्त्या लावायच्या आधी दोन ओळी लिहिते.

मुख्याध्यापिका एदितनं बोलावलं होतं. आम्ही एकाच वर्षी या शाळेत लागलो, तिच्या लग्नात मी नाचले आहे, पण आज ती पेन फिरवत बसली. म्हणाली, सगळ्या शिक्षकांची तब्येत तपासून घ्यावी असा विचार आहे, डोळे, कान, रक्तदाब, तुझ्यापासून सुरुवात करू या का? मी म्हटलं, माझ्यापासून का? माझा रक्तदाब तुझ्यापेक्षा बरा आहे. ती हसली. म्हणाली, बरं, तुझी मर्जी.

मग बात मित्सवाचं निघालं. दामियानची इच्छा आहे की सुरुवातीची शमा मिखालनं एकटीनं म्हणावी आणि मग सगळ्यांनी. मी स्पष्ट सांगितलं, ती वर्गात वर्षभर एक शब्द बोललेली नाही. शमा निदान स्वतःच्या कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची असते, आमच्या जुन्या लोकांनी घालून दिलं आहे. तिला त्यातून सूट द्यावी. हातात ग्रंथ वाचताना धरतात तो चांदीचा वाचनदंड धरून मुलींच्या मधोमध उभी राहील, फोटो सुंदर येतील. एदित बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाली, तू वर्गशिक्षिका, तुला जास्त माहीत.

त्या पोरीचं हसं होणार नाही याची सोय केली. आज शांत झोप लागेल.

२० ऑगस्ट, बुधवार

कोर्सला गेले नाही. अंगात त्राण नाही.

दामियान दुकान बंद करून आला होता. मोठा गडी, दाढी वाढलेली, हातात टोपी. मी त्याला माते देऊ केला, घेतला नाही. म्हणाला, रोज झोपताना मिखाल आणि मी शमा म्हणतो. ती बोलायला लागली तेव्हापासून. आई नाही, म्हणून ते मी चुकवलं नाही. ती म्हणते, मी ऐकतो, भिंतीपलीकडची शेजारीणसुद्धा ऐकते आणि आमेन म्हणते.

मी म्हटलं, घरात म्हणत असेल. वर्गात ती बोलत नाही.

तो खाली टोपीकडे बघून बोलत होता, अर्धं कळत होतं, अर्धं नाही. मग त्यानं मान वर केली. "मोरा, ती बोलते. तुम्हाला ऐकू येत नाही."

बरोबरच आहे त्याचं. बापाचं दुःख माझ्या कानापर्यंत पोचलं नसेल, मी नियमांत अडकले असेन. मी तसं म्हटलंही, की दामियान, तुझं मन मला ऐकू आलं नाही, माफ कर. तो माझ्याकडे असा बघायला लागला की याला वेड लागलंय की मला.

मग म्हणाला, "मुलगी बारा वर्षांची झाली की बाप म्हणतो ना ते वाक्य. हिच्या जबाबदारीतून मला मोकळं करणारा देव धन्य. माझ्या थोरल्या बहिणीसाठी माझ्या बापानं म्हटलं, मी मांडीवर होतो. मला हिच्यातून मोकळं व्हायचं नाहीये हो. मेलो तरी होणार नाही. पण सगळ्या बापांसारखं एकदा म्हणू तरी द्या. ती काही न म्हणता नुसती दांडा धरून उभी राहिली तर मी ते कशाच्या जोरावर म्हणू?"

मी म्हटलं, बघते. पण बघणार काय? त्याला कसं सांगू की त्याच्या मुलीचं भलं मीच बघते आहे. तो गेल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. साउल येऊन माझ्यापुढे हात हलवेपर्यंत तो आल्याचं कळलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

मिखालचा बाक रिकामा. तिला काढलं. घराजवळच्या सरकारी शाळेत घातलं आहे, तिथे हिब्रू नाही, शमा नाही, काही नाही. वर्षाच्या अशा मधेच. एदितनं सांगितलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून होती, मला दोनदा विचारावं लागलं.

तालीनं तास संपल्यावर येऊन माझ्यासमोर उभं राहून, अगदी तोंड मोठं करून विचारलं, "मोरा, आता तिचं कोण सांगणार?" मला प्रश्न समजला नाही. विचारलं, कुणाचं? ती रडत पळाली.

मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण चूक कुठे झाली हे कुणी नीट सांगतही नाही. सगळे माझ्याशी जपून वागतात, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

२४ सप्टेंबर, बुधवार

आमचं ज्यूंचं नवं वर्ष लागलं. गोड जावो म्हणतात.

काल देवळात शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजवला. मी नेहमीप्रमाणे बायकांच्या मधल्या रांगेत. आमच्यात शोफार वाजवणं मोठं नाही, ऐकणं मोठं. ऐकला की कर्तव्य झालं. पहिले आवाज झाले. मी मनात म्हटलं, कुणाला उभं केलंय या वर्षी, फुंकरच नाही याच्यात. मग शेवटचा लांब आवाज. मी पुस्तकातून मान वर केली. वाजवणारा लालबुंद झाला होता, गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठ. आणि माझ्यापर्यंत काय आलं? एक दोरा. दूर कुठेतरी कुणी दोरा ओढतंय तेवढं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेच्या मांडीवरचं बाळ दचकून उठलं आणि तोंड फाडून रडायला लागलं. मी ते रडणं पाहत होते. पाहत होते. सून त्याला घेऊन बाहेर पळाली, पुढच्या बायका वळून बघायला लागल्या, आणि मला ते रडणं दिसत होतं फक्त.

जेवताना साउलला विचारलं, शोफार मोठा वाजला का रे? त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला, खिडक्या हादरल्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. टीव्हीच्या मोठ्या आवाजाचं, खालच्या मजल्यावरच्या तक्रारींचं, किटलीचं. गेली काही वर्षं तो माझ्याशी ओरडून बोलतो आहे आणि मला वाटत होतं याचा स्वभाव तापट होत चाललाय. मी म्हटलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, बोललो गं. तुला ऐकू आलं नाही.

दोघंही हसलो. मग मला मिखालचे हलणारे ओठ आठवले आणि मी ताट बाजूला सारलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बसून राहिले. मला वाटलं अजून सुरूच केलं नाही. काचेपलीकडून ती मुलगी कागदावर खुणा करत होती.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, जाड आवाज येतात तुम्हाला, बारीक गेलेत, बरेच दिवस झाले असणार. बायकांचे, लहान मुलांचे आवाज असेच आधी जातात. तुम्ही ओठ वाचता हे तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, फार छान वाचता. पण ज्यांचे उच्चार थोडे वेगळे असतात त्यांचे ओठ वाचता येत नाहीत.

मी विचारलं, म्हणजे डाऊन सिंड्रोम असलेलं मूल? ते म्हणाले, हो, तेच उदाहरण मी देणार होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

बात मित्सवा झाला. अकरा मुली, पांढरे कपडे, केसात फुलं. शमा तालीनं म्हटली. मी आग्रह केला म्हणून, तिला नको होतं. सगळ्यांनी डोळ्यांवर हात ठेवले. मी नाही ठेवला. तिच्या ओठांकडे बघत राहिले.

मग एकेक बाप पुढे आला आणि ते वाक्य म्हणाला. मोकळं करणारा धन्य. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. रिवाजाप्रमाणे मुलींवर मिठायांचा मारा झाला. मी दाराकडे बघत होते. कोण येणार होतं?

एदितनं मला खोलीत नेलं, दार लावलं, समोर बसली. कोर्समधून यानिनाचा फोन जूनमध्येच आला होता म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग ऑगस्टमध्ये मी ते सुचवलं तेव्हा तू मान का डोलावलीस? ती म्हणाली, "नोएमी, तुला दुखवायची हिंमत झाली नाही. इतक्या वर्षांची तू. तुझा मान राखला."

माझा मान. एका मुलीची जीभ देऊन राखला. मी तिला तसं म्हटलं. ती रडली, मीही रडले, आणि आम्ही दोघीही तेवढ्याच अपराधी आहोत हे आम्हाला ठाऊक होतं. मी कमी तर नव्हेच, जास्तच. सगळ्यांनी सांगितलं होतं मला. तालीनं तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

निघताना एदित म्हणाली, पुढच्या वर्षी तुला वर्गातून सूट. ग्रंथालय बघ, नाहीतर निवृत्ती घे, तू म्हणशील तसं. तिच्या लक्षात आलं नाही ती कोणता शब्द बोलली. माझ्या आलं. तीन फांद्यांपैकी दोन झाल्या, म्हटलं. तिसरीची घाई नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्रं आली. दोन्ही कानांत. पहिल्यांदा घातली तर फ्रिज भुणभुणतो, साउल खाताना आवाज करतो (देवा!), माझ्या स्वतःच्या चपलांचा चपचपाट. खालच्या झाडावर पक्षी आहेत. हे रोज होते का विचारलं तर साउल म्हणाला, रोज.

दुपारी तो बाहेर गेल्यावर मी फोन काढला. जूनमधलं चित्रीकरण पुसलं नव्हतं.

प्राण्यांची नावं. मी विचारते आहे, हा कोण? आणि लगेच, माझ्या समोरच्या बाकावरून, बारीकसा, जरा घोगरा, आनंदी आवाज: "कुत्रा, मोरा!" मी पडद्यावर तिच्याकडे बघते आहे. थांबते आहे. कोर्सला शिकवलं तसं थांबते आहे! ती पुन्हा म्हणते, "कुत्रा." मी म्हणते, कुणालाच येत नाही? दुसरं कुणी? मग मांजर. तिला मांजर येतं. तिला उंट येतो. मासा सोडून तिला सगळे येतात. मुलं हसतात, ताली म्हणते, मोरा, तिनं सांगितलं. मी पुढे जाते.

मग घंटा. मुलं पळतात. मिखाल टेबलापाशी येते, डोळ्यांवर हात ठेवते आणि शमा म्हणते. 'ऐक' या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. हळू, अडखळत, एक शब्द दोनदा, पण सगळी. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून मला म्हणून दाखवते आहे. म्हणून झाल्यावर हात खाली घेऊन माझ्याकडे बघते, शाबासकीसाठी. आणि माझा आवाज येतो, खणखणीत, प्रेमळ: जा बाळा, उशीर होतोय. तुला सूट आहे.

पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. साउल परत आला तेव्हा मी यंत्रं काढून ठेवली होती.

३ डिसेंबर, बुधवार

आज कोर्सचा शेवटचा दिवस होता, प्रमाणपत्रं वाटणार होते. गेले नाही. दामियानच्या दुकानात गेले.

आमचा डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, उकाडा मी म्हणत होता. दारावरची घंटी वाजली ती मला ऐकू आली. दामियान गिऱ्हाइकाला चेन मोजून देत होता. मला पाहिलं, कानांतली यंत्रं पाहिली. मान हलवून मागच्या टेबलाकडे दाखवलं. तिथे मिखाल बसली होती, पुढ्यात बटणांचा ढीग, रंग निवडून पत्र्याच्या डब्यांत टाकत होती.

मी दामियानला जे सांगायचं होतं ते सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. म्हटलं, ती बोलत होती, मी बहिरी होते. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, जेव्हा म्हणाल तेव्हा, देवळात नाही तर इथे, प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं मी गोळा करते, तिनं शमा म्हणावी आणि तुम्ही ते वाक्य म्हणावं. तो चेन गुंडाळत राहिला. म्हणाला, "मोरा, ऑगस्टपासून तिनं रात्रीचीही सोडली. मी म्हणतो, ती ऐकते. विचारा तिला. तिनं हो म्हटलं तर माझी ना नाही."

मी मिखालच्या समोर खुर्ची ओढून बसले. तिनं ओळखलं, हसली, एक निळं बटण माझ्या तळहातावर ठेवलं. मी म्हटलं, मिखाल, माझं चुकलं. मला ऐकू येत नव्हतं. आता येतं. माझ्यासाठी शमा म्हणशील?

विचारलं आणि थांबले.

पंखा फिरत होता. बाहेर बस थांबली, दार फस्सकन उघडलं, मिटलं. दामियानच्या हातातली कात्री. डब्यात एक बटण पडलं, मग एक, मग एक. सगळं ऐकू येत होतं. मी थांबले, खरंच थांबले, आयुष्यात कुणासाठी थांबले नसेन एवढी.

मिखाल उठली. टेबलाला वळसा घालून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. इतक्या जवळ की यंत्रानं शिटी मारली. माझ्यासारख्यांशी बोलतात तसं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, मला नीट कळावं म्हणून ती म्हणाली,

"मोरा, मला सूट आहे."

मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा बटणं निवडायला बसली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.